दंड नाही, मग शहरं करार पाळतील कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

मागच्या लेखाखाली तुम्ही तिखट लिहिलंत, बरं केलंत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: शहरांनी आपखुशीने केलेले हवामान-करार म्हणजे महापौरांचं फोटोसेशन. मोडले तर दंड नाही, मग पाळणार कोण? आणि मुंबई ‘सी-40’ या शहरांच्या गटात गेली, त्यातून कांदिवलीकराला काय मिळालं?

फोटोसेशनचा पुरावा मीच देतो. 16 फेब्रुवारी 2005 ला क्योटो करार, म्हणजे हवा तापवणाऱ्या वायूंचं उत्सर्जन कमी करण्याचा देशांचा करार, लागू झाला, अमेरिका बाहेरच राहिली. त्या दिवशी सिएटलचे महापौर ग्रेग निकल्स यांनी इतर महापौरांना हाक घातली, की देश नाही तर नाही, आपण शहरं मिळून क्योटोचं उद्दिष्ट गाठू. म्हणजे 2012 पर्यंत उत्सर्जन 1990 पेक्षा 7 टक्के कमी. पुढे हजारावर महापौरांनी सह्या केल्या. पण 1990 मध्ये आपलं शहर किती टन धूर सोडत होतं, हे अनेकांना माहीतच नव्हतं. सातबारा नसताना वाटणीला बसण्यातला प्रकार.

दंड नव्हता म्हणून हे फसलं, हे मात्र मला पटत नाही. क्योटो तर आंतरराष्ट्रीय कायदा होता, तरी डिसेंबर 2011 मध्ये कॅनडाने अंग काढून घेतलंच. शहरांचं घोडं अडलं होतं मोजमापापाशी. 2014 मध्ये ‘सी-40’, ‘इक्ली’ हे शहरांचं दुसरं जाळं आणि वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट ही संशोधन संस्था यांनी मिळून शहरांसाठी एकच हिशेबपद्धत ठरवली. ऐकायला रुक्ष आहे, पण खरी मेख इथेच आहे. कोळसा जळतो डहाणूला, दिवा लागतो अंधेरीत. हा धूर कोणाच्या खात्यावर? नव्या पद्धतीत तो वीज वापरणाऱ्या शहराच्या नावे पडतो, आणि शहराच्या हद्दीत जळणाऱ्या इंधनापासून वेगळा दाखवावा लागतो. ‘चिमणी आमच्याकडे नाही’ ही पळवाट बंद.

मुंबई डिसेंबर 2020 मध्ये ‘सी-40’ मध्ये गेली. तिच्या हवामान आराखड्यात 2019 सालचं उत्सर्जन आहे सुमारे 2 कोटी 34 लाख टन, त्यातलं 72 टक्क्यांच्या आसपास ऊर्जेचं, मुख्यतः इमारतींत वापरलेल्या विजेचं. आता गंमत बघा. महापालिकेच्या हातात वीज आहे ती फक्त बेस्टची, म्हणजे दक्षिणेकडच्या जुन्या शहर भागापुरती, उपनगरांत नाही. तुमच्या कांदिवलीत बेस्टची बस येते, वीज नाही. 2050 पर्यंत नेट झिरोचं, म्हणजे जेवढं उत्सर्जन तेवढंच शोषून घेण्याचं, वचन पालिकेने दिलंय, पण त्याची मोठी किल्ली राज्याच्या आणि वीज कंपन्यांच्या खिशात आहे. या करारांवर टीका करायची तर इथे करा. ‘दंड नाही’ यापेक्षा हे दुखणं कितीतरी मोठं आहे. (तसं ‘सी-40’ च्या अटी पाळल्या नाहीत तर सदस्यत्व जाऊ शकतं, पण त्याने कोणाची झोप उडत असेल असं वाटत नाही.)

मग मिळालं काय? माझ्या मते एकच ठोस गोष्ट, ती म्हणजे नॉर्वेची राजधानी ऑस्लोची युक्ती. ऑस्लोने 2016 मध्ये पैशांच्या अंदाजपत्रकातच हवामानाचं अंदाजपत्रक घातलं. कोणत्या उपायाने किती टन कमी होणार, आणि ते काम कोणत्या खात्याचं, हे तिथे जमाखर्चाच्या शेजारी मांडलेलं असतं. पर्यावरण खात्याचं स्वप्नरंजन अर्थखात्याच्या टेबलावर आलं. ‘सी-40’ ने ही पद्धत इतर शहरांना शिकवली आणि जून 2024 मध्ये मुंबई पालिकेने आपला पहिला असा अहवाल काढला. भांडवली खर्चाचा जवळपास एकतृतीयांश भाग त्यात हवामानाशी जोडलेला दाखवलाय.

तुम्ही म्हणाल, जुन्याच कामांना नवं लेबल. बरंचसं तसंच आहे. पूर रोखण्याची कामं पालिका आधीही करत होतीच. पण आता ती एका कागदावर, रकमेसकट आहेत, आणि ‘यातून टन किती वाचले?’ असं विचारायला जागा आहे.

विचारणार कोण, हा प्रश्न तुमच्या प्रतिक्रियेत यायला हवा होता. ऑस्लोत हा कागद निवडून आलेल्या सभागृहापुढे मंजुरीला येतो. मुंबईचा हवामान आराखडा जाहीर झाला 13 मार्च 2022 ला. नगरसेवकांची मुदत त्याच्या सहा दिवस आधी संपली होती आणि 2024 चा अहवाल आला तेव्हाही कारभार प्रशासकाकडेच होता. महापौरांच्या फोटोंबद्दल तुम्ही लिहिलंत, पण या अहवालाच्या वेळी फोटोला उभा राहायला मुंबईला महापौरच नव्हता.