सुट्टी लागली की सगळं जग रांगेत!

पुरे झालं आता! मुलांना थीम पार्कला न्यायचं तर शाळेला सुट्टी हवी, आणि सुट्टी लागली की अख्खं जग तिथेच. एका राइडसाठी दीड-दोन तास रांग, राइड संपते तीन मिनिटांत. तोवर धाकटी खांद्यावर झोपलेली. तिला उठवायचं की तसंच परत फिरायचं?

आणि तिकीट? फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डने २०१८ पासून तारखेप्रमाणे दर लावलेत. म्हणजे गर्दी जास्त त्या दिवशी पैसेही जास्त! विमानांचं, हॉटेलांचं तेच.

मग शाळा चालू असताना जावं? तेव्हा चाचणी, प्रकल्प, हजेरी. इंग्लंडमध्ये तर थेट दंड. २०२४ मध्ये तो ६० पौंडांवरून ८० केला, तोही प्रत्येक मुलामागे, प्रत्येक पालकाला. आई-बाप आहोत की गुन्हेगार?

त्यात थोरल्याची सुट्टी वेगळी, धाकटीची वेगळी, आमची रजा तिसरीकडेच. जर्मनीत राज्यं उन्हाळी सुट्ट्या मागेपुढे ठेवतात, सगळे एकदम बाहेर पडू नयेत म्हणून. मग बाकीच्यांचे हात कोणी बांधलेत?