‘आमच्या दादांना पोलीस पडताळणी कशाला?’

मे महिन्याची शिबिरं, पावसाळ्यातले ट्रेक, मग ढोल-ताशा पथकांचा सराव. पुण्यात यांची नावनोंदणी सुरू झाली की पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मजकूर फिरायला लागतो. थोडक्यात असा: आमचे दादा-ताई पगार न घेता, स्वतःच्या रजा खर्चून मुलांना घडवतात, त्यांच्याकडे पोलिसांचा दाखला मागणं हा त्यांचा अपमान आहे. मुलांवरचे लैंगिक अत्याचार रोखणारे कायदे शाळांसाठी आहेत, मंडळांसाठी नाहीत. काही झालंच तर मूल घरी येऊन सांगेल. मुलग्यांची तर काळजीच नको. खोट्या तक्रारींनी चांगल्या संस्था बदनाम होतात, म्हणून आधी आपापसात शहानिशा करावी. आणि असल्या अटी घातल्या तर उद्या कार्यकर्ते मिळणार नाहीत.

मीही अशाच एका बिनपगारी गटाबरोबर मुलांना गडांवर नेतो. म्हणजे ज्यांचा अपमान होतो म्हणतात, त्यांच्यातलाच एक. म्हणून उत्तर द्यायचा थोडा हक्क आहे असं धरून चालतो.

अपमानापासूनच सुरू करू. सोसायटीचा खजिनदार कितीही सचोटीचा असला तरी चेकवर दुसरी सही लागते आणि वर्षाअखेरीस हिशेब तपासले जातात. त्यावरून कुठल्या खजिनदाराने राजीनामा दिल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. मग पैशांना जी काळजी, ती मुलांना का नको?

पण मजकुराची खरी गफलत पुढे आहे. ‘ते आमच्या घरच्यासारखे आहेत’ हे वाक्य त्यात निर्धास्तपणाचं कारण म्हणून येतं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे दरवर्षी सांगतात की मुलांवरच्या बलात्काराच्या नोंदवलेल्या प्रकरणांत नव्वद टक्क्यांहून अधिक वेळा आरोपी ओळखीचाच असतो. असा माणूस आधी घर जिंकतो. आईला भाजी आणून देतो, बाबांशी क्रिकेटवर बोलतो, सरावाहून उशीर झाला की मुलाला स्कूटरवरून सोडतो, त्याला एकट्यालाच बूट घेऊन देतो. मग ‘हे आपल्या दोघांतच हं’ असं एखादं साधं गुपित ठेवून बघतो. ते टिकलं की पुढचं. यातली प्रत्येक गोष्ट एखादा भला दादाही करतो, तीच तर अडचण आहे. वागण्यावरून माणूस ओळखता येत नाही, म्हणून वागण्याचीच मर्यादा सगळ्यांना सारखी घालावी लागते. मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांसाठीचा २०१२ चा पोक्सो कायदाही विश्वासाच्या जागेवरच्या माणसाने केलेला गुन्हा अधिक गंभीर धरतो, सौम्य नव्हे.

स्वयंसेवकांच्या भरवशावर चालणारी संस्था इथे कशी फसते, याचं सगळ्यात मोठं उदाहरण अमेरिकेत आहे. बॉय स्काउट्स ऑफ अमेरिका ही संस्था १९२० च्या दशकापासून संशयित स्वयंसेवकांच्या गोपनीय फायली ठेवत होती. नावं माहीत होती, कपाटात होती, पण पालकांना आणि पुष्कळदा पोलिसांनाही सांगितलेली नव्हती. २०१२ मध्ये ओरेगॉनच्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १९६५ ते १९८५ या काळातल्या बाराशेहून अधिक फायली खुल्या झाल्या. फेब्रुवारी २०२० मध्ये संस्थेने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि भरपाईसाठी ८२ हजारांहून अधिक दावे आले. कुठल्याही कामात किमान दोन मोठी माणसं हवीत, मुलाबरोबर एकट्याने राहायचं नाही, हा आज जगभर घेतला जाणारा नियम त्यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस आणला. तोवर पुष्कळ मुलांसाठी उशीर झालेला होता.

आता दाखल्याबद्दल. पोलिसांच्या चारित्र्य पडताळणीवर माझाही फार भरवसा नाही. नोंद झालेला गुन्हा असेल तरच तो तिथे दिसतो. ज्याच्याविरुद्ध कधी कोणी बोललंच नाही, त्याचा कागद कोरा येतो. लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंदवही २०१८ मध्ये सुरू झाली, पण ती पोलीस यंत्रणेलाच बघता येते, आपल्या मंडळाला नाही. तरीही दाखला घ्यावा, कारण ज्याला आपली नोंद दिसेल याची खात्री आहे तो अर्जच करत नाही. मात्र दाखल्याची फाईल केली की काम झालं असं मानणारी संस्था आणि दाखला न घेणारी संस्था यांत मला फार अंतर दिसत नाही.

‘कायदा शाळांसाठी आहे.’ नाही. पोक्सोचं कलम १९ ‘कोणत्याही व्यक्तीला’ लागू आहे: असा गुन्हा झाल्याचं कळलं किंवा होईल अशी धास्ती वाटली तर पोलिसांना कळवणं बंधनकारक. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद आणि दंड, आणि संस्था तिथे ‘कोणत्याही नावाने ओळखली जाणारी’ अशी आहे. मंडळ म्हणा, पथक म्हणा, प्रतिष्ठान म्हणा, सुटका नाही. २०२० च्या नियमांत मुलांच्या नियमित संपर्कात येणाऱ्या संस्थांना, अगदी क्रीडा अकादमींचं नाव घेऊन, कर्मचाऱ्यांची वेळोवेळी पडताळणी सांगितली आहे. बिनपगारी कार्यकर्ता हा कर्मचारी नव्हे, असा मुद्दा एखादा वकील काढू शकेल. काढू दे. पालकांना सांगायला ते उत्तर कसं वाटतं, ते त्याच मंडळाने पालक-सभेत उभं राहून बोलून पाहावं.

‘मूल घरी येऊन सांगेल.’ केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाचा २००७ चा अभ्यास १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून झाला होता. निम्म्याहून अधिक मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक छळ सोसल्याचं सांगितलं, आणि बहुतेकांनी तोवर कुणाला काही सांगितलेलं नव्हतं. का सांगावं? ज्या दादाचं आईबाबा रोज कौतुक करतात त्याच्याविरुद्ध बोलायचं, आणि वर ट्रेक बंद होईल ही भीती. मुलग्यांबद्दलचं उत्तरही त्याच अहवालात आहे: छळ सोसलेल्या मुलांत मुलगे ५३ टक्क्यांच्या आसपास होते. त्यावर अधिक लिहायची गरज नाही.

आता ‘आधी आपापसात शहानिशा करा’. सगळ्या मजकुरात हे एक वाक्य मला घातक वाटतं, कारण ते समंजस दिसतं.

शहानिशा म्हणजे प्रत्यक्षात काय होतं? मंडळाच्या कचेरीत चार-पाच ज्येष्ठ बसतात. मुलाला बोलावून विचारतात, मग नीट आठव म्हणून पुन्हा विचारतात, कधी त्या दादाच्या समोर बसवून विचारतात. तिसऱ्यांदा सांगताना एखादा तपशील बदलला की ‘बघा, बनाव आहे’. दरम्यान त्या दादाला सगळं कळलेलं असतं आणि फोनमधले मेसेज पुसलेले असतात. शेवटी त्याला ‘वैयक्तिक कारणास्तव’ थांबायला सांगतात, निरोपाचा नारळही देतात. पुढच्या हंगामात तो नदीपलीकडच्या दुसऱ्या पथकात ताशा शिकवताना दिसतो. मंडळाची अब्रू राहिली.

कायद्यात अशा शहानिशेला जागाच नाही. तपास पोलिसांचा. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या वसतिगृहाच्या प्रकरणात माहिती असून न कळवल्याचा आरोप असलेल्या डॉक्टरवरचा गुन्हा मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केला होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि माहीत असूनही न कळवणं हा गंभीर गुन्हा असल्याचं बजावलं. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला शाळेच्या व्यवस्थापनातल्या लोकांवरही न कळवल्याबद्दलच गुन्हा दाखल झाला.

आणि खोट्या तक्रारीची सोय कायद्यातच आहे. बदनामीसाठी किंवा पैसे उकळण्यासाठी मुद्दाम खोटी तक्रार करणाऱ्या मोठ्या माणसाला कलम २२ खाली शिक्षा आहे, मुलाला नाही. सद्भावनेने कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही. ‘पोलिसांत गेलं की मुलाचे हाल’ म्हणणाऱ्यांसाठी: जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी घ्यायचा, पोलिसांनी गणवेशात यायचं नाही, आणि आईबाबा किंवा मुलाच्या विश्वासातलं माणूस जवळ असायला हवं, असं कायदा सांगतो. तसं होत नसेल तर तिथे आग्रह धरावा. मंडळाचं काम एवढंच: मूल बोललं तर ऐकून घ्यायचं, उलटतपासणी करायची नाही, त्याचेच शब्द तारखेसह लिहून ठेवायचे, त्या माणसाला मुलांपासून लगेच दूर करायचं, आणि कळवायचं. १०९८ आणि ११२ हे दोन्ही क्रमांक चालतात. मुलाचं नाव ग्रुपवर टाकायचं नाही.

सगळंच मात्र पोलिसांत न्यायचं नसतं. एखादी ताई मुलीशी रात्री अकराला वेगळं चॅट करते, एखादा दादा एकाच मुलाला गाडीवर घेऊन जातो, हे नियम मोडणं झालं. तिथे मंडळानेच बोलायचं, त्याच दिवशी, आणि वहीत नोंद ठेवायची. भल्या दादाला त्यात लाज वाटायचं कारण नाही, पुढच्या वेळी तो दोन मुलांना बरोबर घेईल.

उरला कार्यकर्ते मिळण्याचा प्रश्न. तो खरा आहे. राजगडाच्या पायथ्याला गुंजवण्यात चाळीस मुलांचा मुक्काम आणि येणारी मोठी माणसं तीन, हे चित्र सगळ्यांच्या ओळखीचं. पण त्या यादीकडे नीट बघितलं तर निम्मे ‘दादा’ सोळा-सतरा वर्षांचे असतात, परवापर्यंत शिबिरार्थी होते ते. कायद्याच्या नजरेत अठराच्या आतली ती मुलंच आहेत. रात्री बाराला रडणाऱ्या लहानग्याच्या तंबूत त्यांना एकटं पाठवणं त्या लहानग्यावर अन्याय आणि त्यांच्यावरही. त्यांची नावं मोठ्यांच्या रकान्यातून काढा. मग मोठी माणसं खरंच कमी पडत असतील तर मुक्कामाला दोन पालकांना बोलवा, नाहीतर चाळीसऐवजी पंचवीस मुलं घ्या आणि उरलेल्यांना दिवाळीनंतरच्या तुकडीत घाला.