आधी अमेरिकेला सांगा म्हणे!

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत गच्चीवर सोलर बसवायचा विषय परवा तिसऱ्यांदा पुढे ढकलला. का? तर "कार्बन कमी करायला आधी अमेरिकेला सांगा!" बी विंगच्या काकांची ही टेप दर मीटिंगला. बरं, मुद्दा अगदीच खोटा नाही हो. अमेरिकेत माणशी वर्षाला साधारण १४ टन कार्बन डायऑक्साइड, आपल्याकडे जेमतेम २. पण एकूण बेरीज केली की चीन-अमेरिकेनंतर आपलाच नंबर, ते कोण बोलणार? मी बोललो, तर दुसरे आजोबा उठले, "ऊन काय पूर्वी नव्हतं?" झालं! त्यांच्या लहानपणात अर्धा तास गेला. २०१५ साली पॅरिसला अख्ख्या जगाचे देश बसून तापमानवाढ रोखायचा करार करून उठले, आणि इथे ३६ फ्लॅटवाल्यांचं घोडं कपडे वाळत घालायच्या दोरीवर अडलंय. पॅनल आले तर दोरी कुठे बांधायची?

मीटिंग संपवून खाली आलो, तर काकांची गाडी इंजिन चालू ठेवून उभी. आत माणूस नाही. सीट गार व्हायला हवी ना, म्हणून एसी!