ज्ञान वाटायचंय? आधी मंडपवाल्याला फोन करा

आपला जिल्हा 'इनोव्हेशन हब' व्हावा, त्याचे धागे कॅलिफोर्नियापासून इस्रायलपर्यंत जावेत, असं तुम्हाला अचानक वाटू लागलं असेल तर आधी अभिनंदन. खुर्ची बदललेली दिसते. खालचे सल्ले खास तुमच्यासाठी आहेत. उदाहरणाला मी द्राक्ष घेतो. देशोदेशींचं ज्ञान महाराष्ट्रात कुणी पचवलं असेल तर ते द्राक्षबागायतदारांनी, आणि तेही इतक्या बेशिस्तीने, की काय काय टाळायचं याचा तो चालताबोलता वस्तुपाठ आहे.

पहिलं काम सामंजस्य कराराचं. परदेशातलं एखादं विद्यापीठ गाठा. करारात "परस्पर हिताच्या क्षेत्रांत सहकार्याच्या शक्यता तपासल्या जातील" हे वाक्य हवंच. शक्यता तपासायला पाच वर्षं जातात, मग नूतनीकरणाचा कार्यक्रम ठेवता येतो.

करार नसला की कसा अनर्थ होतो ते पाहा. १८७२ च्या सुमाराला कॅलिफोर्नियातल्या युबा सिटीजवळ राहणाऱ्या विल्यम थॉम्प्सन नावाच्या शेतकऱ्याने न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टरच्या नर्सरीतून बिनबियांच्या द्राक्षाच्या काड्या मागवल्या. जात ना त्याची, ना नर्सरीची. तुर्कस्तान-इराणच्या मुलखात लोक शतकानुशतकं ती सुलताना, किशमिश अशा नावांनी पिकवत आणि वाळवत आले होते. थॉम्प्सनकडून शेजाऱ्यांनी काड्या नेल्या, शेजाऱ्यांकडून त्यांच्या शेजाऱ्यांनी, आणि जातीला त्याचं नाव चिकटलं. पुढे ही थॉम्प्सन सीडलेस आपल्याकडे आली आणि भोकरी, पांढरी साहेबी या बियांच्या जाती मागे पडल्या. एवढ्या प्रवासात एकाही टप्प्यावर दीपप्रज्वलन झाल्याची नोंद नाही.

त्याहून वाईट पुढे घडलं. तासगाव तालुक्यात बोरगावला वसंतराव आर्वे यांना थॉम्प्सनच्याच बागेत एक वेल जरा वेगळी वाटली. त्यांनी तिच्या काड्या राखल्या आणि तास-ए-गणेश ही जात आली. सोलापूरजवळ नान्नजला नानासाहेब काळे यांनी लांब मण्यांची सोनाका निवडली. तेव्हाच्या सोव्हिएत मध्य आशियातल्या 'किशमिश चोर्नी' या काळ्या द्राक्षातून त्यांनीच शरद सीडलेसही काढली. शीतयुद्धात अमेरिका आणि सोव्हिएत संघ एकमेकांवर क्षेपणास्त्रं रोखून बसले होते, तेव्हा त्या दोन्ही बाजूंच्या द्राक्षवेली सोलापूर जिल्ह्यात एकाच माणसाच्या नजरेखाली होत्या. या माणसांकडे ना इनक्युबेशन सेंटर होतं, ना स्टार्टअप धोरणाची प्रत. रोज सकाळी बागेत जायची खोड तेवढी होती. तुमच्या प्रकल्पात असले प्रकार होऊ देऊ नका. निरीक्षणाचं काम निविदा काढून सल्लागार कंपनीला द्या. शेतकऱ्याची जागा 'लाभार्थी' या रकान्यात आहे, त्याला तिथेच बसवा.

आता अभ्यास दौरा. माणसं निवडताना द्राक्ष पिकवणारा कुणी यादीत शिरत नाही ना, एवढं बघा. बाकीचे परत येऊन "तेथील शेतकरी शिस्तप्रिय असून पाण्याचा काटकसरीने वापर करतात" असा अहवाल देतात आणि विषय संपतो. बागायतदार गेला तर तो तिकडच्या माणसाला पहिल्याच भेटीत विचारणार, "तुमची छाटणी कधी असते?" उत्तर येणार, हिवाळ्यात, वेल झोपलेली असताना. मग याच्या डोक्यात चक्र सुरू होणार. आपल्याकडे वेल झोपतच नाही! इब्न बतूताने चौदाव्या शतकात दौलताबादला येऊन लिहून ठेवलंय की इथे द्राक्षं आणि डाळिंबं वर्षातून दोनदा येतात. अशा जागत्या वेलीचं काय करायचं हे कॅलिफोर्नियाला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. उपाय इथेच मुरला. एप्रिलमध्ये खरड छाटणी करायची, म्हणजे उन्हाळ्यात नव्या काड्या येतात आणि त्यांच्या डोळ्यांत, म्हणजे काडीवरच्या अंकुरांत, घड तयार होतात. मग ऑक्टोबरच्या सुमाराला फळछाटणी करायची, की ते घड बाहेर पडतात. छाटण्या दोन, पीक एक. बाहेरचं ज्ञान आणलं आणि अर्ध्यात मोडून आपल्या हवामानाला जोडलं. हा उद्धटपणा तुमच्या प्रकल्पात नको. तुम्ही 'बेस्ट प्रॅक्टिस' जशीच्या तशी उचला. बाग गेली तर हवामानबदल आहेच.

विषयाच्या चौकटीबद्दलही कडक राहा. द्राक्षाच्या जाळ्यात फक्त द्राक्षवाले. नाहीतर काय होतं? जपानच्या भातशेतीत एक रोग होता, बाकानाए. रोपं भराभर उंच वाढायची आणि आडवी व्हायची. १९२६ मध्ये कुरोसावा या शास्त्रज्ञाने दाखवून दिलं की हा प्रताप एका बुरशीतून पाझरणाऱ्या द्रव्याचा आहे. पुढच्या दशकात जपानमध्येच ते द्रव्य वेगळं काढलं गेलं आणि त्याचं नाव पडलं जिबरेलिन. पन्नाशीच्या दशकात कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी ते द्राक्षावर वापरून पाहिलं, तर मणी फुगला. आज आमच्याकडच्या बाया हातात मग घेऊन घड न् घड 'जीए'त, म्हणजे याच जिबरेलिनच्या द्रावणात, बुडवत जातात. त्या डिपिंगमागे जपानी भाताचा एक रोग उभा आहे. तुमच्या समितीत हा कुरोसावा आला असता तर अध्यक्षांनी त्याला नम्रपणे सांगितलं असतं की भात विषयपत्रिकेवर नाही.

बेदाण्याचीही तीच गत. राखेच्या पाण्यात ऑलिव्हचं तेल घालून त्यात द्राक्षं बुडवायची, म्हणजे सालीवरचा मेणाचा थर सैल होऊन ती लवकर वाळतात, ही भूमध्यसागराकाठची रोमन काळापासूनची रीत. तिकडे ऑस्ट्रेलियात मिल्ड्युरा हे गाव १८८७ मध्ये चॅफी बंधूंनी वसवलं, तेही कॅलिफोर्नियात पाटपाण्याच्या वसाहती उभारून आलेले. त्या भागात राखेच्या जागी पोटॅशियम कार्बोनेट आलं आणि द्राक्षं रॅकवर चढली. आता सांगलीकडच्या शेडमध्ये जा. पोटॅशियम कार्बोनेट, डिपिंग ऑइल, तारेच्या जाळ्यांचे एकावर एक रॅक. रोमन, ऑस्ट्रेलियन आणि कवठेमहांकाळकर एकाच पिंपात हात घालून बसलेत, आणि तिघांपैकी कुणीही कुणाचा 'नॉलेज पार्टनर' नाही. लोगोच्या पट्टीवर जागा वाया गेली म्हणायची.

सीमापार म्हटलं की दूरचा देशच शोधा, जवळची सीमा टाळा. जवळची सीमा फार अडचणीची. महाराष्ट्र-कर्नाटक सीमावाद २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. संयुक्त समिती काढलीत तर बैठक कुठे घ्यायची आणि इतिवृत्त कोणत्या भाषेत लिहायचं यावरच पहिली दोन वर्षं जातील (तसा हाही तोटा नव्हे, मुदतवाढ मिळते). मात्र त्या समितीला तासगावच्या बेदाणा सौद्यांकडे चुकूनही नेऊ नका. तिथे विजयपूरचा माल येऊन पडलेला असतो. तासगावचा सल्लागार अथणीपलीकडच्या बागेत उभा राहून काडीवरचे डोळे मोजत असतो, बागवाला त्याला कानडीत प्रश्न विचारतो, हा मराठीत उत्तर देतो आणि दोघांचं नीट जमतं. जिथे सरकारी नकाशावर वाद आहे तिथे ज्ञान बिनदिक्कत ये-जा करतंय, हे समितीच्या लक्षात आलं तर तिला स्वतःच्या गरजेविषयी शंका येऊ शकते. अशी शंका निधीच्या दृष्टीने घातक.

आता सगळ्यात नाजूक मुद्दा, अपयशाचा. तुमच्या जाळ्यात फक्त 'यशोगाथा' फिरल्या पाहिजेत. चकचकीत पुस्तिका, फेटा बांधलेला शेतकरी, मागे हिरवंगार. पडलेल्या बागेचा फोटो कुणी गटावर टाकला तर ॲडमिनने तो काढून टाकावा. याबाबतीत द्राक्षवाल्यांनी जगभर स्वतःची शोभा करून घेतली आहे. २००३ मध्ये नेदरलँड्सला गेलेल्या मालात कीडनाशकाचे अंश सापडले. लाज वाटून गप्प बसायचं सोडून यांनी त्यातून २००६ मध्ये अपेडा या केंद्र सरकारच्या शेतमाल निर्यात संस्थेची 'ग्रेपनेट' व्यवस्था उभी राहू दिली. प्लॉटची नोंदणी, अंशांची तपासणी, आणि युरोपात एखाद्या पेटीत काही खोट निघाली तर ती पेटी कुणाच्या प्लॉटातली, इथपर्यंत माग. शोधायला सोपं जाईल अशी चूक करणं याला मी तरी शहाणपण म्हणणार नाही.

एवढं करूनही २०१० उजाडलंच. क्लोरमेक्वाट क्लोराइड, बागायतदारांच्या तोंडी 'लिहोसिन' किंवा 'सीसीसी'. शेंड्याची वाढ रोखून डोळ्यात घड धरायला मदत व्हावी म्हणून बागेत सर्रास वापरलं जायचं. युरोपात तेव्हा द्राक्षावर त्याची मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम, आणि आपल्या तपासणीच्या यादीत ते नावच नव्हतं. अहवाल स्वच्छ होता, मालही चांगला होता, आणि तरीही कंटेनर युरोपच्या बंदरात अडकले. ज्यांनी नियम पाळले होते तेच बुडाले. ज्यांचे पैसे गेले त्यांना यात विनोद दिसला नाही, मलाही दिसत नाही. पण ज्ञानाच्या वेगाचं म्हणाल तर त्या हंगामात रॉटरडॅम आणि निफाड यांच्यात जेवढं अंतर उरलं होतं, तेवढं कुठल्याही परिषदेने कधी कमी केलेलं नाही. ०.०५ म्हणजे काय हे ज्याला शाळेत कळलं नव्हतं त्याला ते त्या हंगामात कायमचं कळलं. मग यादी बदलली, फवारणीचं वेळापत्रक बदललं, बाटलीवरचं बारीक अक्षर वाचायची सवय लागली. तुम्ही ही शिकवणी घेऊ नका. तुमच्याकडे पुस्तिका आहे.

बैठकांविषयी थोडक्यात सांगतो. द्राक्ष बागायतदार संघ १९६० पासून आहे आणि त्याच्या चर्चासत्रांत अजून एक वाईट सवय टिकून आहे. मागच्या रांगेतला माणूस उठतो आणि व्यासपीठावरच्या शास्त्रज्ञाला "साहेब, तुम्ही सांगितलं तसं केलं, तरी घड जिरले" असं तोंडावर सांगतो. पाठोपाठ आणखी चार हात वर होतात. तुमच्याकडे हे टाळायला हारतुरे, मनोगतं आणि अकरा वक्ते पुरेत. प्रश्नोत्तरं वेळेअभावी रद्द.

शेवटी, काळ तुमच्या बाजूने आहे. आता आरा मालिकेतल्या परदेशी जाती परवान्याने येत आहेत. युरोपच्या सुपरमार्केटला कडक, मोठा, हव्या त्या रंगाचा मणी हवा असतो आणि थॉम्प्सनवर सगळी भिस्त ठेवून आता भागत नाही, म्हणून त्या आणाव्या लागतात. पैदासकाराने संकर करण्यात वर्षं घातलेली असतात, त्याने मोबदला मागितला तर त्यात गैर काही नाही. पण बघा, किती सोय झाली! २००१ च्या वाण संरक्षण कायद्यात शेतकऱ्याला बियाणं राखण्याचा, देवाणघेवाणीचा हक्क दिलेला आहे खरा, परंतु परवान्याची कागदपत्रं सही करताना कोण एवढं आठवत बसतो? थॉम्प्सनच्या शेजाऱ्यासारखा कुणी काडी मागायला आला तर त्याला घरी चहा पाजा, बागेत नेऊ नका. बोरगावसारखी एखादी वेगळी वेल तुमच्याच प्लॉटात दिसली तर ती नेमकी कुणाच्या मालकीची हे वकिलाला विचारेपर्यंत तिच्याकडे पाहूच नका. खरड छाटणीच्या दिवशी सगळ्या काड्या बांधावर येऊन पडतात, तेवढा एक दिवस राखणीला माणूस ठेवा. त्याचा पगार 'क्षमताबांधणी' या शीर्षाखाली टाकता येतो.