शिऱ्याचा सिरियल नंबर आणि पक्याचा टॉवर

शिऱ्याने सोसायट्यांची मेंटेनन्स बिलं काढायचं सॉफ्टवेअर लिहिलंय. ते ज्या सिरियल नंबराने उघडतं, तोच नंबर सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतोय, हे आता ठाण्यात ज्याला कळायचं त्याला कळलंय. त्यामुळे रविवारी तलावपाळीच्या कट्ट्यावर दुसरा विषय निघणं शक्यच नव्हतं. शिऱ्या आला तोच धुमसत.

“पुढचं व्हर्जन नेटशिवाय उघडणारच नाही. रोज माझ्या सर्व्हरला विचारायचं, मग बिलं काढायची. वर मशीनला खोचायचा डाँगलही देतो, तो नसला तर प्रोग्राम चालणारच नाही. बघू कोण चोरतो ते!”

“डाँगलचं नाव काढू नकोस,” नाना म्हणाले.

नानांचं चरईतलं डीटीपीचं दुकान आम्हाला सगळ्यांना माहीत आहे. मराठी फाँटचं पॅकेज अख्ख्या गल्लीत त्यांनी एकट्याने पैसे मोजून घेतलं होतं. सोबत डाँगल. तो कॉम्प्युटरच्या मागे प्रिंटरच्या पोर्टात खोचायचा आणि त्याच्या पाठीत प्रिंटरची वायर. पुढे नव्या मशीनवर ते पोर्टच येईनासं झालं. कंपनीला फोन केला, तर उत्तर आलं की नवीन पॅकेज घ्या, पूर्ण किमतीला. म्हणून आजही नानांच्या टेबलाखाली एक जुना पेंटियम घरघरत असतो. डाँगल सैल झालाय, त्याला रबरबँड गुंडाळलाय. टेबलाला कुणाचा गुडघा लागला की स्क्रीनवर ‘लॉक सापडला नाही’. फाँट युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या मशीनवर सारख्या चालणाऱ्या अक्षरसंकेताच्या, आधीचा, त्यामुळे जुन्या स्मरणिका दुसऱ्या मशीनवर उघडल्या की नुसता चिन्हांचा पाऊस.

“ज्यांनी चोरलं त्यांना ना डाँगल, ना हेलपाटे,” नाना म्हणाले. “त्यांचं अजून झकास चालतंय. पैसे मी भरले आणि शिक्षाही मलाच.”

यावर शिऱ्याकडे उत्तर नव्हतं. पक्याकडे होतं. पक्याकडे कायमच असतं.

“म्हणून मी सांगतो नाना, विकत घ्यायचंच कशाला? सॉफ्टवेअर म्हणजे हवा. मी कॉपी केली म्हणून शिऱ्याचं काही कमी झालं का? विंडोजची एवढी कॉपी झाली, बिल गेट्स भिकेला लागला का?”

“बिल गेट्स वीस वर्षांचा होता तेव्हा तोही शिऱ्यासारखाच वैतागला होता,” मेधा म्हणाली. “१९७६ मध्ये. अल्टेअर कॉम्प्युटरसाठी बेसिक भाषेचा प्रोग्राम लिहिला आणि लोकांनी कागदी टेपा काढून वाटून टाकला. उघड पत्र लिहिलं त्याने, की हौशी लोकांकडून आलेल्या रॉयल्टीचा हिशेब केला तर तासाला दोन डॉलरही पडत नाहीत. तू आजचा गेट्स बघतोस. शिऱ्या अजून १९७६ मध्येच आहे.”

“अरे पण परवडत नाही लोकांना!”

“कोणाला? घोडबंदर रोडला दीड कोटीचा फ्लॅट, खाली दोन गाड्या, आणि साडेचार हजारांचं सॉफ्टवेअर परवडत नाही?”

पक्या घोडबंदरलाच राहतो. टॉवरचा खजिनदार आहे तो आणि ते दर रविवारी निदान एकदा तरी सांगतो. तो जरा गप्प झाला. ती संधी साधून नानांनी जुनी फाईल उघडलीच.

“हा फुकटात मिळवण्याचा नाद याचा जुनाच. ९८ साली लॅमिंग्टन रोडवरून सीडी आणून दिली होतीन मला. एका सीडीत सगळी सॉफ्टवेअरं. वापरली काही महिने. आणि २६ एप्रिल १९९९ ला सकाळी मशीन चालूच होईना!”

सीआयएच व्हायरस तो. चोरीच्या सॉफ्टवेअरसोबत जगभर पसरला आणि त्या तारखेला एकदम उठला. हार्ड डिस्कचा सुरुवातीचा भाग पुसायचा आणि जमलं तर मशीन सुरू करणारा मदरबोर्डवरचा बायोसही खायचा. मदरबोर्डच गेला म्हणायचं. नानांच्या बाबतीत तर लग्नसराईचे दिवस. दोन पत्रिकांचं काम त्या डिस्कवर होतं. मुलीचे वडील दुकानात येऊन उभे राहिले, ते नाना अजून विसरलेले नाहीत.

“पंचवीस वर्षं झाली हो नाना त्याला!”

“पंचवीसच्या वर,” नाना म्हणाले. “आणि सीडीचे दीडशे घेतले होतेस.”

हशा ओसरल्यावर मेधा शिऱ्याकडे वळली. “तू नंबर तपासतोस कसा?”

“पहिल्या दहा आकड्यांवरून शेवटचे दोन निघतात. जुळले की चालू.”

“आणि सोसायटीचं नाव?”

“ते काय, सेटअपमध्ये ज्याने त्याने टाईप करायचं.”

मेधाने वडापावचा कागद मांडीवर सपाट केला, नानांच्या खिशातलं पेन घेतलं आणि लिहिलं: १११-१११११११.

“विंडोज ९५ ची सीडी हा नंबर घ्यायची. शेवटच्या सात आकड्यांची बेरीज ७ ने भागली गेली की बस. पहिले तीन ३३३, ४४४ असे ९९९ पर्यंतचे नसले म्हणजे झालं. एवढ्या मोठ्या कंपनीचा हा नियम, तोही प्रोग्रामच्या पोटात. तुझंही तेच. नियम पोटात ठेवलास की वाचणारा तो वाचतो आणि नंबर पाडायचं यंत्र बनवतो. तुझ्या बाबतीत तर तेवढीही गरज पडली नाही, एकच नंबर सगळीकडे चालला.”

“मग काय करू?”

“नंबरावर डिजिटल सही कर. त्यासाठीची आरएसए ही दोन किल्ल्यांची पद्धत १९७७ पासून आहे. खासगी किल्ली तुझ्या घरच्या मशीनवर, ती बाहेर जाऊच द्यायची नाही. प्रोग्राममध्ये फक्त सार्वजनिक किल्ली. तिने सही ओळखता येते, करता येत नाही. नंबर पाडणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.”

“मग प्रोग्रामच फोडणारा क्रॅक येईल!” पक्याला एकदम हुरूप आला.

“येऊ शकतोच. ‘बरोबर असेल तर आत घे’ हे मशीनच्या भाषेत हेक्समधलं ७४. त्याचं ७५ केलं की ‘चूक असेल तर आत घे’. एका बाइटचं काम. पण ठाण्याच्या मेंटेनन्स बिलासाठी प्रोग्राम उकलून दाखवणारा डिबगर लावून रात्र जागवणार कोण? शिऱ्या, तुझे चोर क्रॅकर नाहीत, सेक्रेटरी आहेत.”

मला हे शंभर टक्के पटलं. शिऱ्यासारख्याने तीन-चार वर्षं संध्याकाळ-संध्याकाळ बसून लिहिलेल्या गोष्टीचे पैसे त्याला मिळालेच पाहिजेत, यात मला तडजोड मान्य नाही. पण त्यासाठी ज्याने पैसे भरले त्यालाच रोज उलटतपासणीला उभं करायचं, हा नानांवर झालेला अन्याय पुन्हा करण्यासारखं आहे. नंबराने गिऱ्हाइकाची ओळख पटवावी. त्याच्या कामात आडवं येऊ नये.

सर्व्हरच्या कल्पनेचा निकालही मेधानेच लावला. “ॲडोबीने फोटोशॉप असलेल्या सीएस२ पॅकेजचे, नंबर तपासणारे ॲक्टिव्हेशन सर्व्हर बंद केले, तेव्हा पैसे भरलेले लोक अडकू नयेत म्हणून २०१३ मध्ये ॲक्टिव्हेशन न लागणारी प्रत नंबरासकट साइटवर ठेवावी लागली. लोकांना वाटलं फुकट वाटताहेत. ॲडोबी होती म्हणून निस्तरलं. तू उद्या आजारी पडलास, सर्व्हरचं भाडं थकलं, तर लोकांनी बिलं काढायची नाहीत?”

“कायदा आहे की,” शिऱ्या पुटपुटला. आहेच. कॉपीराइट कायद्याचं ६३ब कलम, चोरीचं आहे हे माहीत असून सॉफ्टवेअर वापरलं तर सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. पण साडेचार हजारांसाठी कोर्टाची पायरी कोण चढणार, आणि तीही रोज लिफ्टमध्ये भेटणाऱ्या सेक्रेटरीविरुद्ध?

“सोपं सांगते,” मेधा म्हणाली. “सोसायटीचं नाव आणि रजिस्ट्रेशन नंबर सहीच्या आत घाल. टाईप करायची सोयच ठेवू नकोस. बिलाच्या डोक्यावर तेच छापून येईल. आणि फिरणारा नंबर पुढच्या व्हर्जनमध्ये बंद. विंडोज एक्सपीच्या पहिल्या सर्व्हिस पॅकने फुटलेल्या नंबरांचं हेच केलं होतं.”

शिऱ्या विचारात पडला. “फुटलेला नंबर डोंबिवलीच्या एका सोसायटीला दिलेला आहे. म्हणजे आज ही सोय असती, तर चोरून वापरणाऱ्या सगळ्यांच्या बिलावर…”

“डोंबिवली पूर्व!” नाना म्हणाले.

“काय?” पक्या कट्ट्यावरून उठलाच. “आमच्या टॉवरच्या बिलावर डोंबिवलीचं नाव?”

दोन सेकंद सगळे त्याच्याकडे बघत राहिले. मग शिऱ्याने शांतपणे विचारलं, “तुमच्या टॉवरच्या का?”

“म्हणजे… आधीच्या कमिटीने टाकलंय ते! मी फक्त बिलं काढतो!”

मग जो हशा पिकला, तो ऐकून बोटिंगच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. मेधा डोळे पुसत होती. पक्या आधी चिडला, मग सारवासारव करायला लागला आणि शेवटी साडेचार हजार भरतो म्हणाला, पण मित्र म्हणून काही कमी होतील का?

“तू तुमच्या थकबाकीदारांना किती व्याज लावतोस?” नानांनी विचारलं.

“उपविधीप्रमाणे. एकवीस टक्के सरळव्याज. एक रुपया सोडत नाही मी.”

“मग शिऱ्या, याला एक पैसाही सोडू नकोस. आणि पक्या, माझा मदरबोर्ड, २६ एप्रिल १९९९ पासून, एकवीस टक्क्यांनी. बिल काढ. सॉफ्टवेअर आहेच तुझ्याकडे.”