१८ जून रस्त्यावर टेम्पो कसा लावावा

पणजीत दुकान घातलंत? बरं झालं. आता माल उतरवायला शिका.

सगळी गोम वेळेत आहे. दुपारी एक वाजला की पणजी जेवून आडवी होते. शटरं खाली, १८ जून रस्त्यावर कुत्रीसुद्धा कुशीवर. एवढा मोकळा रस्ता पाहून एखाद्या भाबड्याला वाटेल, माल आणायचा तो आत्ताच. आणि पावतीवर सही करायला उठायचं कुणी? दुपारची झोप ही पूर्वजांची ठेव; ती चार पेट्या साबणासाठी मोडू नये. टेम्पो बोलवावा सकाळी साडेदहाला. नाहीतर संध्याकाळी पाचला, जेव्हा अख्खं गाव आणि भाड्याच्या स्कूटरवरचे पर्यटक एकदमच रस्त्यावर असतात.

टेम्पो आधी लावलेल्या गाडीला चिकटून, समांतर लावावा. चारही इंडिकेटर लुकलुकत ठेवले की गुन्हा माफ होतो, अशी आपल्याकडे श्रद्धा आहे. इंजिन मात्र चालूच ठेवा. लिटरभर डिझेल जळलं की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. जाऊ दे. हवेचं भाडं आपण भरत नाही. मागे खोळंबलेल्या गाड्यांचा धूर तर त्यांचा त्यांनीच सोडलेला.

आसपासच्या दुकानांचा माल शहराबाहेर एका गोदामात उतरवून, तिथून एकाच विजेच्या तीनचाकीनं आणूया, असं कुणी सुचवलं तर सावध व्हा. शेजाऱ्याला आपला खप कळेल! त्यापेक्षा साबणाचा टेम्पो वेगळा, बिस्किटांचा वेगळा, थंड पेयांचा वेगळा, आणि सगळे अर्धे रिकामे. रिकाम्या जागेलाही गोवा बघू दे की.

घरी काही मागवायचं तर ऑनलाइन मागवा, दर खेपेला एकच वस्तू. पत्ता लिहावा ‘देवळामागे, फणसाजवळचं पिवळं घर’. वाड्यावर पिवळी घरं चार. पोरगा फोन करील तेव्हा तुम्ही झोपलेले असालच. उद्या पुन्हा येईल बिचारा.

कोकण रेल्वेनं १९९९ साली अख्खे ट्रक मालगाडीवर चढवून कोलाडहून वेर्ण्याला आणायला सुरुवात केली. चारशे किलोमीटर ट्रकचं इंजिन बंद! त्यात वाचलेलं डिझेल शहरातल्या शेवटच्या दोन किलोमीटरांत शक्य तितकं उडवणं आता तुमच्या हातात आहे. मांडवीचं तर नावच काढू नका. १९८६ च्या जुलैत पूल कोसळला तेव्हा फेरीबोटींनीच लोकांना पार केलं, हे खरं. पण नदी आता कॅसिनोंसाठी आहे. तांदळाची पोती तिथं शोभतील का?

राहता राहिला पोदेर. सायकलच्या मागे पावांची टोपली, हातात भोंपू, पहाटे दारोदार गरम पाव. धूर नाही, गोदाम नाही, ॲप नाही, आणि पिवळी घरं त्याला चारही पाठ. असा माणूस नियोजनाच्या बैठकीला चुकूनही बोलावू नका. तुमच्या टेम्पोच्या आणि गटाराच्या मधल्या फूटभर जागेतून तो भोंपू वाजवत निघाला, की काच खाली करून खेकसा, ‘अरे, रस्ता अडवतोस काय!’