ड्रिलला बोल्ट लावून वेल्डिंग? आधी तो जोड कापून बघा

सध्या आमच्याकडच्या शेतकऱ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक व्हिडिओ फिरतोय. हातातल्या ड्रिल मशीनला घासून गोल केलेला बोल्ट लावायचा, दोन पत्रे शेजारी ठेवून सांध्यावरून फिरवायचा, की झालं वेल्डिंग. खाली मजकूर असा: 'लोखंड, अॅल्युमिनियम, प्लास्टिक काहीही जोडा. रॉड नको, गॅस नको. जोड मूळ धातूपेक्षा मजबूत. नासाचं तंत्र आता घरच्या घरी. वेल्डिंगवाल्यांची लूट बंद.'

मी वेल्डिंगवालाच आहे, म्हणजे लूट करणाऱ्यांपैकी. तेव्हा माझं म्हणणं तो हिशोब धरूनच वाचा. पण 'भाऊ, व्हिडिओत त जुळते, मंग तुमाले काहून जमत नाही?' असं विचारणारे दुकानात वाढलेत, म्हणून एकेक दावा घेतो.

'नासाचं तंत्र'. तंत्र खरं आहे, फ्रिक्शन स्टर वेल्डिंग म्हणतात त्याला. पण ते नासानं शोधलेलं नाही. १९९१ साली इंग्लंडात केंब्रिजजवळच्या द वेल्डिंग इन्स्टिट्यूटमध्ये वेन थॉमस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते काढलं. नासानं पुढे स्पेस शटलच्या बाहेरच्या इंधनटाकीसाठी ते घेतलं. जपानात रेल्वेचे अॅल्युमिनियमचे डबे असेच जोडतात.

'रॉड नको, गॅस नको'. हेही खरं. कडक पोलादी टूलला रुंद खांदा असतो आणि त्याच्या मधोमध प्लेटच्या जाडीपेक्षा जरा आखूड पिन. फिरती पिन सांध्यात घुसते, खांदा वरून दाबून धरतो. घर्षणानं अॅल्युमिनियम ४०० ते ५०० अंशांपर्यंत तापतं. शुद्ध अॅल्युमिनियम वितळतं ६६० अंशांना, म्हणजे इथं धातू पातळ होत नाही, नुसता मऊ पडतो आणि वीटभट्टीवर गारा तुडवावा तसा दोन्हीकडचा धातू एकजीव होतो. वितळणं नाही, म्हणून गोठताना पडणाऱ्या चिरा नाहीत. डोळे जाळणारा उजेडही नाही. याचं मला अप्रूपच आहे.

मग ड्रिलनं का नको? कारण सगळी मेख दाबात आहे. ६ मिलिमीटरच्या अॅल्युमिनियम प्लेटवर टूल शेकडो किलोंच्या जोरानं दाबून धरावं लागतं, तेही सांधा संपेपर्यंत एकसारखं. खाली पोलादी आधार लागतो, दोन्ही प्लेटा हलणार नाहीत अशा जखडाव्या लागतात. इंजिनिअरिंग कॉलेजांत हा प्रयोग मिलिंग मशीनवर करतात तो याचसाठी. माणूस अंगाचा सगळा भार टाकला तरी किती टाकणार? शिवाय ड्रिलचा चक, म्हणजे बोल्ट पकडणारा जबडा, सरळ दाबासाठी बनलेला असतो. आडवा ओढला की बोल्ट वाकतो, आणि वाकडा बोल्ट त्या वेगात हातात असणं म्हणजे मनगटाशी खेळ.

दाब कमी पडला की काय होतं, ते व्हिडिओत कधीच दाखवत नाहीत. वरून जोड देखणा दिसतो, अर्धगोल रेघांची छान नक्षी उमटते. तोच तुकडा शिकंज्यात धरून हॅकसॉनं आडवा कापा, कापलेली बाजू बारीक पॉलिश पेपरनं घासा आणि उजेडात धरा. पृष्ठभागाखाली सांध्याच्या कडेनं सरळ जाणाऱ्या बिळाचं तोंड दिसेल. मऊ झालेला धातू पिनेच्या मागे पुरता भरलाच नाही, त्याची ती खूण. असा जोड हातानं ओढून तुटत नाही, पण भरल्या ट्रॉलीच्या हादऱ्यांनी तुटतो.

'लोखंडही जोडतं'. कारखान्यात जोडतात, पण लोखंड तितकं मऊ पडायला हजार अंशांच्या आसपास तापावं लागतं. त्यासाठी टंगस्टनच्या मिश्रधातूची किंवा हिऱ्याच्या खालोखाल कडक अशा बोरॉन नायट्राइडची टूल वापरतात. तुमचा बोल्टही लोखंडच. पत्रा मऊ पडायच्या आधी त्याचीच माती होईल.

'मूळ धातूपेक्षा मजबूत'. सरसकट नाही. उष्णता देऊन कडक केलेल्या अॅल्युमिनियमचा कडकपणा सांध्याजवळ उतरतो. तिथला जोड मूळ धातूपेक्षा कमीच भरतो, भले रॉडच्या जोडापेक्षा सरस असो.

आता प्लास्टिक. खरा धोका इथं आहे, कारण लोक हे फवारणीच्या पंपावर करून बघतायत. प्लास्टिक उष्णता पुढे जाऊ देत नाही. बोल्टजवळचं वितळून बाहेर फेकलं जातं आणि बोटभर अंतरावरचं थंडच राहतं. कारखान्यात म्हणूनच खांदा न फिरणारा आणि वेगळा तापवलेला ठेवतात. तेही वितळणाऱ्या जातीच्या प्लास्टिकलाच चालतं. फायबरच्या टाकीला नाही, कारण ती वितळत नाही, जळते. पीव्हीसी पाइप जास्त तापला तर नाक-घसा जाळणारा आम्लाचा धूर सोडतो. त्याला सोल्युशन लावा, विषय संपला.

पंपाच्या टाकीला वरवर बुजलेली चीर पाठीवर पंप असतानाच उघडते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी, शेतमजूर दगावले. ते ज्यांनी जवळून पाहिलं, त्यांना पाठीवर झिरपणारं औषध काय करतं हे सांगायला नको.

'वेल्डिंगवाल्यांची लूट बंद'. मूळ पेटंटची मुदत केव्हाच संपली, तरी हे यंत्र तालुक्याच्या दुकानात आलं नाही. एकच सरळ सांधा हजारदा मारायचा असेल तिथं ते परवडतं. माझ्याकडे येणारा प्रत्येक वखर वेगळ्या जागी तुटलेला असतो.

पंपाच्या टाकीला चीर गेली असेल तर आधी तिच्या बुडाशी त्रिकोणातला आकडा बघा: २ म्हणजे एचडीपीई, ५ म्हणजे पॉलिप्रोपिलीन. ही दोन प्लास्टिकं एकमेकांत जुळत नाहीत. चिरेच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडायचं, म्हणजे ती पुढे सरकत नाही. मग त्याच जातीची प्लास्टिक पट्टी हॉट एअर गननं भरायची, आणि आधी साधं पाणी भरून रात्रभर ठेवून बघायचं. चीर पट्टा अडकवायच्या जागी किंवा नळीच्या तोंडाशी असेल तर मी काम घेत नाही, टाकी बदला म्हणतो. आणि दुरुस्तीला आणताना पंप धुऊन आणा. गरम हवेनं आतलं औषध आधी माझ्या नाकात जातं.